अवकाशयान आणि त्याचा परिसर : गणनसाधनांच्या इतिहासाचा एक अभ्यास

१. विषयप्रवेश

कृत्रिम उपग्रहांच्या इतिहासावर आजवर जे लेखन झाले आहे त्यात अग्निबाणांस आणि अंतराळवीरांस अग्रस्थान मिळाले, हे स्वाभाविकच आहे. उपग्रह कक्षेत पोहोचला की कथा संपली, अशी सर्वसाधारण समजूत असते. यंत्राच्या दृष्टीने पाहता खरी परीक्षा तेथूनच सुरू होते. ज्याला आपण पोकळी म्हणतो ती पोकळी नव्हे. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात अडकलेले प्रोटॉन व इलेक्ट्रॉन, सूर्यावरील उद्रेकांतून सुटलेले कण, आकाशगंगेच्या दूरच्या भागांतून येणारे विश्वकिरण आणि विरळ पण तप्त असा आयनद्रायू, म्हणजे प्लाझ्मा, यांनी ती भरलेली आहे. या परिसराचा उपग्रहावर काय परिणाम होईल हे उपग्रह बांधण्यापूर्वीच गणिताने वर्तविण्याची जी साधने गेल्या साठ वर्षांत निर्माण झाली, त्यांचा इतिहास हा प्रस्तुत लेखाचा विषय होय.

या इतिहासाची एक सोपी मांडणी नेहमी केली जाते. गणकयंत्रांची शक्ती वाढत गेली आणि तिच्याबरोबर प्रतिमानेही अधिकाधिक सूक्ष्म होत गेली, अशी ती मांडणी आहे. ती सर्वस्वी खोटी नाही; परंतु घटनांचा क्रम तपासून पाहिला असता ती अपुरी ठरते. या क्षेत्रातील अनेक प्रमुख आज्ञावलींच्या मागे एखादे अनपेक्षित मापन किंवा एखाद्या उपग्रहाचा नाश उभा असल्याचे दिसते. शिवाय प्रत्येक आज्ञावली आपल्या जन्मकाळाची गृहीतके पुढे वाहून नेते. ती गृहीतके विसरून तिचा उपयोग करणाऱ्यास चुकीचे उत्तर मिळते, आणि ते चुकीचे आहे हे त्यास कळतही नाही. या दोन मुद्द्यांचे विवरण पुढे करावयाचे आहे. अर्धसंवाहक मंडलांवर एकेका कणाने होणाऱ्या आघातांचे गणित हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय असल्यामुळे त्याचा येथे विचार केलेला नाही. कणांच्या प्रारणपट्ट्यांचे नकाशे आणि पृष्ठभागाचे विद्युत्-भारण या दोन विषयांपुरतीच ही चर्चा मर्यादित आहे.

२. प्रारणपट्ट्यांचा शोध आणि पहिले नकाशे

१९५८ च्या आरंभी अमेरिकेने सोडलेल्या एक्सप्लोरर-१ या उपग्रहावर आयोवा विद्यापीठाच्या जेम्स व्हॅन ॲलन यांचे गायगर गणित्र होते. विश्वकिरणांची मोजदाद करणे एवढाच त्याचा हेतू होता. कक्षेच्या खालच्या भागात त्याने अपेक्षेप्रमाणे आकडे दिले. वरच्या भागात मात्र ते शून्यावर येई. यंत्र बिघडले असे म्हणणे सोयीचे होते. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सोडलेल्या एक्सप्लोरर-३ वर फीतमुद्रक असल्यामुळे संपूर्ण परिभ्रमणाची नोंद हाती आली, आणि शून्याचा हा प्रदेश ठरावीक ठिकाणी नियमाने येतो असे दिसून आले. व्हॅन ॲलन यांचे सहकारी कार्ल मॅकिलवेन यांनी प्रयोगशाळेत तशाच गणित्रावर क्ष-किरणांचा तीव्र मारा करून पाहिला. कणांची संख्या मर्यादेबाहेर वाढली की गणित्र गुदमरते व शून्य दाखविते, असे सिद्ध झाले. प्रारण नाही असे सांगणारे शून्य वस्तुतः अतिरेकी प्रारणाचे द्योतक होते. १ मे १९५८ रोजी हा शोध जाहीर झाला. वाचनाचा अर्थ उपकरणाच्या मर्यादेसह लावावा लागतो, हा धडा या शास्त्राला त्याच्या जन्माबरोबरच मिळाला असे म्हणावयास हरकत नाही.

पट्टे आहेत हे कळणे निराळे आणि अमुक कक्षेतील उपग्रहास पाच वर्षांत किती मारा सोसावा लागेल हे सांगणे निराळे. दुसऱ्या प्रश्नाची निकड एका स्फोटाने निर्माण केली. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील जॉन्स्टन बेटावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर १.४ मेगाटनाच्या अण्वस्त्राचा स्फोट केला. ‘स्टारफिश प्राइम’ या नावाने तो ओळखला जातो. त्यातून निघालेल्या इलेक्ट्रॉनांचा एक कृत्रिम पट्टा पृथ्वीभोवती निर्माण झाला. ब्रिटनचा पहिला उपग्रह एरियल-१, अमेरिकेचे ट्रान्झिट-४बी आणि ट्रॅक यांची सौरघटे त्याने निकामी होत गेली. स्फोटाच्या दुसऱ्याच दिवशी सोडलेला टेलस्टार हा दूरचित्रवाणीच्या प्रक्षेपणासाठी जगभर गाजलेला उपग्रह. परंतु प्रारणाने त्याच्या ट्रान्झिस्टरांवर परिणाम होऊन त्या वर्षाच्या अखेरीस तो आज्ञा मानेनासा झाला. तात्पुरत्या उपायांनी तो पुन्हा सुरू करण्यात आला खरा, पण फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा मूक झाला. विल्मट हेस यांनी उपलब्ध तुटपुंज्या निरीक्षणांवरून या कृत्रिम पट्ट्याचा नकाशा तयार केला. अभियंत्यांच्या उपयोगासाठी कणांचा नकाशा काढण्याचा हा आरंभीचा महत्त्वाचा प्रयत्न होय.

यानंतर हे काम पद्धतशीरपणे हाती घेतले ते जेम्स व्हेट यांनी. निरनिराळ्या उपग्रहांवरील निरनिराळ्या उपकरणांची मापने एकत्र करावयाची, ती एका समान मापावर आणावयाची आणि त्यांची सरासरी कोष्टकांच्या रूपाने प्रसिद्ध करावयाची, असे त्यांच्या योजनेचे स्वरूप होते. या मालेचा पहिला खंड १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. मॅकिलवेन यांनी १९६१ मध्ये सुचविलेली निर्देशकपद्धती या कार्याचा पाया ठरली. त्रिमितीय अवकाशातील प्रत्येक बिंदूसाठी निराळा आकडा देण्याऐवजी, तो बिंदू कोणत्या चुंबकीय कवचावर आहे आणि तेथे क्षेत्राची तीव्रता किती आहे, या दोनच राशींवर कणांचा अभिवाह अवलंबून आहे असे मानले की कोष्टके आटोपशीर होतात. गणकयंत्रांची स्मृती अत्यल्प असण्याच्या त्या काळात ही काटकसर निर्णायक होती.

या मालेतील आठव्या आवृत्तीची प्रतिमाने, म्हणजे प्रोटॉनांसाठी १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘एपी-८’ आणि इलेक्ट्रॉनांसाठीचे ‘एई-८’, ज्याचे अधिकृत विवरण १९९१ मध्ये आले, ही पुढे कित्येक दशके जगभरच्या उपग्रहरचनेची प्रमाणभूत साधने झाली. सौरचक्राच्या किमान व कमाल स्थितींसाठी प्रत्येकी एक, अशी त्यांची दोन रूपे होती. त्यांची मांडणी खुली असल्यामुळे कोणत्याही देशातील अभ्यासकास ती वापरता आली, ही गोष्ट पुढील विवेचनाच्या दृष्टीने ध्यानात ठेवावी.

३. काळात गोठलेले प्रतिमान

‘एपी-८’ च्या बाबतीत जी अडचण उद्भवली ती इतिहासाच्या अभ्यासकास विशेष उद्बोधक वाटेल. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र स्थिर नाही. त्याचे द्विध्रुवी परिबल शतकाला सुमारे पाच-सहा टक्क्यांनी घटत आहे, आणि दक्षिण अटलांटिकवरील क्षीण क्षेत्राचा प्रदेश वर्षाला सुमारे ०.३ अंश या गतीने पश्चिमेकडे सरकत आहे. ‘एपी-८’ ची कोष्टके रचताना १९६० ते १९७० या काळातील चुंबकीय क्षेत्राचे वर्णन वापरलेले होते. पुढे १९८० नंतर काही अभ्यासकांनी, ताजे ते चांगले या साध्या न्यायाने, नवीन क्षेत्रवर्णन घेऊन त्याच जुन्या कोष्टकांतून उत्तरे काढली. कमी उंचीच्या कक्षांसाठी त्यांना प्रोटॉनांचा अभिवाह अवास्तव मोठा मिळू लागला.

कारण असे : कमी उंचीवर प्रोटॉनांची संख्या वातावरणाच्या शोषणाने ठरते, आणि वातावरणाची उंची चुंबकीय क्षेत्राबरोबर खाली येत नाही. कोष्टकांत मात्र वातावरणाचा हा परिणाम उंचीच्या रूपाने नव्हे, तर क्षेत्राच्या तीव्रतेच्या रूपाने अप्रत्यक्षपणे साठविलेला होता. क्षेत्र क्षीण होत गेले की कागदावरचा पट्टा वातावरणात खोल उतरतो. प्रत्यक्षात तो तसा उतरू शकत नाही. म्हणून नियम असा घालावा लागला की, ‘एपी-८’ चा उपयोग करणाऱ्याने ते ज्या काळी रचले त्या काळचेच क्षेत्रवर्णन घ्यावे. परंतु तसे केले की अभिवाहाचे परिमाण बरोबर येते आणि त्याचे भौगोलिक स्थान चुकते. दक्षिण अटलांटिकवरील प्रदेश नकाशावर आज आहे त्याच्या कित्येक अंश पूर्वेस दिसतो. दोन दोषांपैकी कोणता पत्करावयाचा, हे प्रश्नाचे स्वरूप पाहून ठरवावे लागते. अनेक वर्षांच्या एकूण माऱ्याचा हिशेब करणाऱ्यास स्थानाची चूक चालेल. उपकरण नेमके कोणत्या क्षणी बंद ठेवावे हे ठरविणाऱ्यास ती चालणार नाही.

सरासरीच्या प्रतिमानाचा दुसरा दोष २४ मार्च १९९१ रोजी उघड झाला. त्या दिवशी सूर्याकडून आलेल्या आघाततरंगाने काही मिनिटांतच आतील व बाहेरील पट्ट्यांच्या दरम्यान अतिऊर्जावान कणांचा एक नवाच पट्टा निर्माण केला. जुलै १९९० मध्ये सोडलेला ‘क्रेस’ हा उपग्रह त्या वेळी योग्य ठिकाणी होता म्हणून ही घटना नोंदली गेली. दीर्घकालीन सरासरीत अशा घटनेस स्थानच नव्हते. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एई-९’ व ‘एपी-९’ या प्रतिमानांत यावर उपाय योजण्यात आला. ती एक आकडा देऊन थांबत नाहीत. मापनांतील अनिश्चितता व परिसराचे चांचल्य लक्षात घेऊन अनेक संभाव्य स्थिती निर्माण करतात आणि अमुक टक्के संभव असलेली मर्यादा सांगतात. आपले अज्ञान किती आहे हे प्रतिमानाने स्वतःच सांगावे, ही कल्पना अर्धशतकाच्या अनुभवानंतर रूढ झाली.

४. भारणाचा प्रश्न : ग्रहणकाळातील उपग्रह

आता दुसऱ्या विषयाकडे वळू. आयनद्रायूत ठेवलेल्या कोणत्याही वस्तूवर विद्युत्-भार जमा होतो, हे अर्व्हिंग लँगम्युअर यांच्या १९२० नंतरच्या दशकातील प्रयोगांपासून ठाऊक होते. याचे कारण साधे आहे. प्रोटॉन इलेक्ट्रॉनाच्या सुमारे १८३६ पट जड असतो. दोहोंचे तापमान समान असेल तर इलेक्ट्रॉनांची गती सुमारे ४३ पट अधिक, म्हणून वस्तूवर आदळणाऱ्या इलेक्ट्रॉनांची संख्याही त्याच प्रमाणात अधिक असते. वस्तू ऋणभारित होते, आणि येणाऱ्या इलेक्ट्रॉनांस ती परतवू लागेपर्यंत तिचे वर्चस् घटत जाते. समतोलाचे हे वर्चस् इलेक्ट्रॉनांच्या सरासरी ऊर्जेच्या मानाने ठरते. पृथ्वीलगतच्या कक्षांत ही ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टाच्या अंशाएवढी असल्यामुळे भारणाचा बाऊ करण्याचे कारण कोणास वाटले नाही.

भूस्थिर कक्षेत, म्हणजे सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर, परिस्थिती निराळी निघाली. ऑगस्ट १९६९ मध्ये सोडलेल्या एटीएस-५ या उपग्रहावर कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील मॅकिलवेन यांच्या गटाचे कणमापक होते. गायगर गणित्राच्या शून्याचा उलगडा करणारे मॅकिलवेन येथे पुन्हा भेटतात, हे वाचकांच्या लक्षात येईलच. उपग्रह पृथ्वीच्या छायेत शिरला की काही वेळा मापकात एका ठरावीक ऊर्जेखाली एकही आयन आढळत नसे आणि त्या ऊर्जेशी आयनांची एकच गर्दी होई. शेरमन डिफॉरेस्ट यांनी १९७२ मध्ये याचा अर्थ स्पष्ट केला. आयन मूळचे मंदगती होते, पण ऋणभारित उपग्रहाने त्यांस आपल्याकडे ओढून घेताना ती ऊर्जा दिली होती. म्हणून गर्दीची ऊर्जा हेच उपग्रहाच्या वर्चसाचे माप होते. हे वर्चस् हजारो व्होल्ट ऋण, प्रसंगी सुमारे दहा हजार व्होल्टपर्यंत गेलेले होते.

सूर्यप्रकाशात असे सहसा होत नाही, कारण प्रकाशाच्या आघाताने पृष्ठभागातून सुटणारे इलेक्ट्रॉन येणाऱ्या इलेक्ट्रॉनांची भरपाई करून उरतात. संपूर्ण उपग्रह एकसारखाच भारित झाला तर फारसे बिघडतही नाही. उपग्रहाचा पृष्ठभाग मात्र बहुतांशी निरोधक द्रव्यांनी आच्छादलेला असतो. त्याची एक बाजू उन्हात व दुसरी छायेत असते. उन्हातील भाग शून्याजवळ राहतो, छायेतील भाग हजारो व्होल्ट खाली जातो, आणि शेजारच्या दोन भागांतील हा फरक मर्यादेबाहेर गेला की ठिणगी पडते. त्या ठिणगीचा विद्युत्-चुंबकीय स्पंद तारांतून आत शिरतो आणि आज्ञामंडलास तो खोट्या आज्ञेसारखा भासतो.

जून १९७३ मध्ये अमेरिकेच्या संरक्षणखात्याचा एक दळणवळण उपग्रह अकस्मात निकामी झाला, आणि चौकशीत अशा विसर्जनाकडेच बोट दाखविण्यात आले. डिफॉरेस्ट यांचा निबंध तोपर्यंत भूभौतिकीचा एक कुतूहलजनक शोध म्हणून वाचला जात होता. आता तो अभियंत्यांच्या मेजावर आला. अमेरिकेची अवकाशसंस्था नासा व वायुसेना यांनी संयुक्त कार्यक्रम आखला, आणि ऑक्टोबर १९७६ मध्ये कोलोरॅडो येथील वायुसेना प्रबोधिनीत या विषयाची पहिली परिषद भरली.

५. नॅसकॅप व स्कॅथा

या कार्यक्रमाचे गणिती अंग म्हणजे ‘नॅसकॅप’ ही आज्ञावली होय. नासाच्या क्लीव्हलँड येथील लुइस संशोधन केंद्रासाठी ती कॅलिफोर्नियातील ‘सिस्टिम्स, सायन्स अँड सॉफ्टवेअर’ या संस्थेत आयरा कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. तिचे पहिले विस्तृत विवरण १९७७ मध्ये प्रसिद्ध झाले. उपग्रहाची आकृती घन व घनांचे छेद यांतून ठोकळ्यांप्रमाणे रचावयाची. तिच्याभोवती एकात एक बसविलेल्या जाळ्या कल्पावयाच्या, आतील बारीक व बाहेरील भरड. प्रत्येक पृष्ठखंडास त्याचे द्रव्य, जाडी व विद्युत्-गुणधर्म नेमून द्यावयाचे. आणि मग प्रत्येक क्षणी प्रत्येक खंडावरील जमाखर्च मांडावयाचा, अशी तिची पद्धती होती. जमेस येणारे इलेक्ट्रॉन व आयन. खर्चास प्रकाशाने व आघाताने सुटणारे इलेक्ट्रॉन. शिवाय निरोधकातून झिरपणारा प्रवाह. या जमाखर्चावरून भार, भारावरून वर्चस्, वर्चसावरून पुढील क्षणीचा जमाखर्च, असे हे चक्र फिरत राहते.

यातील एक अडचण अभियंत्यांच्या कल्पकतेची कसोटी पाहणारी होती. संपूर्ण उपग्रहाची भोवतालच्या अवकाशाच्या संदर्भातील धारकता अत्यल्प असते. म्हणून तो समग्रपणे भारित होण्यास सेकंदाचा अल्प अंश पुरतो. निरोधकाचा पातळ थर व त्याखालील धातू यांच्यातील धारकता मात्र फार मोठी असते. म्हणून त्यांच्यातील फरक वाढण्यास कित्येक मिनिटे लागतात. अल्प कालखंडाच्या पायरीने मोजू गेल्यास मिनिटांचा पल्ला गाठण्यास यंत्राचा वेळ पुरत नाही. मोठी पायरी घेतल्यास उत्तर हेलकावे खाऊन निरर्थक होते. पुढच्या क्षणीच्या प्रवाहाचा अंदाज आधीच समीकरणात अंतर्भूत करणारी अप्रत्यक्ष पद्धती योजून हा पेच सोडविण्यात आला. यंत्रशक्तीच्या अभावाची भरपाई येथे युक्तीने केली, ही गोष्ट आरंभी उल्लेखिलेल्या सोप्या मांडणीच्या विरुद्ध जाणारी आहे.

गणित जुळले म्हणजे ते खरे झाले असे नव्हे. म्हणूनच कार्यक्रमाचे दुसरे अंग असलेला ‘स्कॅथा’ हा उपग्रह ३० जानेवारी १९७९ रोजी सोडण्यात आला. आपण स्वतः कसे भारित होतो हे मोजणे हेच त्याचे मुख्य कार्य होते. ग्रहणकाळात त्याने नोंदलेली वर्चसे आज्ञावलीच्या उत्तरांशी ताडून पाहिली असता सर्वसाधारण मेळ चांगला पडला. परंतु त्यासाठी द्रव्यांचे गुणधर्म काळजीपूर्वक निवडावे लागले. विशेषतः येणाऱ्या एका इलेक्ट्रॉनामागे पृष्ठभागातून किती द्वितीयक इलेक्ट्रॉन बाहेर पडतात, हा आकडा निर्णायक ठरला. काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जेच्या आघातास हे प्रमाण अनेक द्रव्यांत एकाहून अधिक असते, म्हणजे येण्यापेक्षा जाणारे अधिक! त्यामुळे परिसराचे तापमान एका मर्यादेपर्यंत भारण होतच नाही, आणि ती मर्यादा ओलांडताच ते झपाट्याने होते. हा आकडा पृष्ठभागाच्या स्वच्छतेवर व वयावर अवलंबून असतो. प्रयोगशाळेतील ताज्या नमुन्याचे मोजमाप अवकाशात पाच वर्षे काढलेल्या पृष्ठभागास लागू पडेलच असे नाही.

एटीएस-५, एटीएस-६ व स्कॅथा यांच्या नोंदींवरून रचनाकारासाठी एक प्रातिनिधिक कठीण परिस्थिती ठरविण्यात आली. १९८४ मध्ये नासाने प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत ती दर घनसेंटिमीटरला १.१२ इलेक्ट्रॉन, त्यांचे तापमान १२ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, आणि ०.२३६ आयन, त्यांचे तापमान २९.५ हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, अशी दिलेली आहे. पुढे असंख्य उपग्रहांची परीक्षा या आकड्यांवर घेतली गेली. सौरचक्राच्या मोजक्या वर्षांत मूठभर उपग्रहांनी जे पाहिले त्यांतून हे आकडे निघाले आहेत, हे मात्र मार्गदर्शिकेचा उपयोग करणारा सहज विसरतो.

पृथ्वीलगतच्या कक्षांसाठी हीच आज्ञावली चालली नाही, याचेही कारण भौतिकीतच आहे. भूस्थिर कक्षेतील आयनद्रायू इतका विरळ असतो की उपग्रहाभोवतालच्या अवकाशातील भाराकडे दुर्लक्ष करता येते. खालच्या कक्षेत तो दाट असतो आणि वस्तूचा विद्युत् प्रभाव काही मिलिमीटर ते सेंटिमीटर अंतरातच झाकला जातो, समीकरणच बदलते. म्हणून ‘नॅसकॅप-लिओ’ व ध्रुवीय प्रदेशासाठी ‘पोलर’ अशा निराळ्या आज्ञावली रचल्या गेल्या, आणि या सर्वांचे एकत्रीकरण पुढे ‘नॅसकॅप-२के’ मध्ये झाले. आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकाची सौरपटले १६० व्होल्ट दाबाने काम करीत असल्यामुळे त्याचा सांगाडा सुमारे १४० व्होल्टपर्यंत ऋण होईल व ॲल्युमिनियमवरील लेप फुटून ठिणग्या पडतील, असे गणित निघाले. झेनॉन वायूतून इलेक्ट्रॉन बाहेर सोडणारे उपकरण त्यासाठी बसविण्यात आले. २००६ मध्ये स्थानकावर वर्चस् मोजण्याची सोय झाल्यावर प्रत्यक्ष आकडे या भीतीहून बरेच कमी आढळले. त्याच वेळी कोणी न वर्तविलेले, अतिशीघ्र व अल्पजीवी भारणही दिसून आले. गणित एका बाजूने अधिक भिते आणि दुसऱ्या बाजूने गाफील राहते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

६. साधन कोणाचे?

प्रारणपट्ट्यांची कोष्टके सर्वांस खुली होती, हे वर सांगितलेच आहे. भारणाच्या आज्ञावलींचे तसे झाले नाही. ‘नॅसकॅप-२के’ हे साधन निर्यातनिर्बंधांमुळे अमेरिकेपुरते मर्यादित राहिले. सूत्रे निबंधांत प्रसिद्ध होती. परंतु सूत्रांपासून विश्वासार्ह आज्ञावलीपर्यंतचा मार्ग किती लांब असतो हे ज्याने तो चालून पाहिला त्यासच ठाऊक असते.

डिसेंबर २००२ मध्ये जपानने मिदोरी-२ हा पृथ्वीनिरीक्षक उपग्रह ध्रुवीय कक्षेत सोडला. सुमारे ८०० किलोमीटर उंचीची ही कक्षा भारणाच्या दृष्टीने निर्धोक मानली जात असे. ऑक्टोबर २००३ मध्ये त्याची वीज थोड्याच वेळात सुमारे सहा किलोवॉटवरून एक किलोवॉटवर घसरली आणि उपग्रह गमावला गेला. ध्रुवप्रकाशाच्या प्रदेशातील इलेक्ट्रॉनांनी वीजतारांच्या जुडग्यावरील आच्छादन भारित होऊन विसर्जन झाले व त्यातून तारांत टिकाऊ ठिणगी पेटली, असे चौकशीत संभाव्य कारण दिले गेले. यानंतर २००४ पासून क्यूशू तंत्रविद्यासंस्थेने जपानी अवकाशसंस्थेच्या साहाय्याने ‘मस्कॅट’ ही स्वतंत्र आज्ञावली रचली. युरोपात याच सुमारास दुसरा मार्ग अनुसरला गेला. तेथील अभ्यासकांच्या ‘स्पाइन’ या मंडळातून आणि युरोपीय अवकाशसंस्थेच्या आश्रयाने फ्रान्समधील ओनेरा व आर्टेनम या संस्थांनी ‘स्पिस’ ही आज्ञावली तयार केली, व तिची मूळ संहिता सर्वांस खुली ठेवली.

या तिन्ही साधनांतील भौतिकी बहुतांशी एकच आहे. एकच काम तीनदा करावे लागले हा श्रमाचा अपव्यय, असे कोणी म्हणेल. प्रस्तुत लेखकाचे मत निराळे आहे. एकाच प्रश्नाची स्वतंत्रपणे लिहिलेल्या आज्ञावलींची उत्तरे ताडून पाहता येतात, हा अनपेक्षित लाभ त्यातून झाला. उत्तरे जुळली तर विश्वास वाढतो. न जुळल्यास कोणाचे तरी दडलेले गृहीतक उजेडात येते. ज्याच्याजवळ एकच साधन आहे आणि त्या साधनाची संहिताही त्याला वाचता येत नाही, त्याला ही परीक्षा करता येत नाही. त्याला उत्तर स्वीकारावे लागते.

७. कुलाब्याच्या नोंदी

प्रतिमान आपल्या निरीक्षणांपलीकडे पाहू शकत नाही, हा या इतिहासाचा सारांश असेल तर प्रश्न उरतो तो असा, की अवकाशयुगात ज्याच्या तोडीचे वादळ आलेच नाही त्याची मर्यादा कशी ठरवावयाची? मार्च १९८९ चे भूचुंबकीय वादळ, ज्याने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज बंद पाडली, ते अवकाशयुगातील सर्वांत तीव्र वादळ होय. परंतु त्याहून तीव्र वादळ १ व २ सप्टेंबर १८५९ रोजी झाले होते, आणि त्याचा एक महत्त्वाचा पुरावा मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत आहे.

कुलाब्यास १८४१ पासून चुंबकीय निरीक्षणे होत असत. १८५९ मध्ये तेथील निरीक्षक डोळ्यांनी मापकावरील वाचन पाहून वहीत टिपून ठेवीत, व क्षेत्र अस्वस्थ झाल्यास अधिक वेळा वाचने घेत. त्या वादळात क्षैतिज घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने घटल्याची नोंद त्यांनी केली. युरोपातील वेधशाळा ध्रुवप्रकाशाच्या विद्युत्-प्रवाहांखाली आलेल्या असल्यामुळे तेथील नोंदींचा अर्थ लावणे कठीण. मुंबई विषुववृत्ताच्या बरीच जवळ असल्यामुळे तिच्या नोंदीस निराळे मोल आले. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १८४६ ते १९०५ या काळातील निरीक्षणे संकलित करून १९१० मध्ये प्रसिद्ध केली. शहरात विजेच्या ट्राम सुरू झाल्यास सूक्ष्म मापने बिघडतील म्हणून १९०४ मध्ये अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली, आणि जुन्या व नव्या ठिकाणची वाचने जुळविता यावीत म्हणून दोन्ही वेधशाळा काही काळ एकत्र चालविण्यात आल्या. नोंदीच्या सलगतेविषयीची ही दक्षता आजच्या अभ्यासकासही अनुकरणीय आहे.

२००३ मध्ये कुलाब्याच्या या वाचनांचे पुनर्विश्लेषण प्रसिद्ध झाले, आणि अवकाशयानांसाठी आत्यंतिक परिस्थिती कोणती मानावी या चर्चेत ती वाचने दाखल झाली. त्यांच्या अर्थाविषयी मतभेद आहेत; एकाच ठिकाणची क्षणिक घट संपूर्ण पृथ्वीची तासाभराची सरासरी मानता येईल काय, हा आक्षेप रास्त आहे, व तशी सरासरी घेता वादळाचे परिमाण बरेच कमी येते. तरीही कोणत्याही उपग्रहाने न पाहिलेल्या घटनेचे मोजलेले आकडे आपणांस या वहीतूनच मिळतात, हे नाकारता येत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून काही निष्कर्ष काढता येतात. पहिला असा की, ही गणनसाधने यंत्रशक्तीच्या वाढीतून आपोआप उगवलेली नाहीत. गुदमरलेले गणित्र, १९६२ चा स्फोट, १९७३ चा निकामी उपग्रह, २००३ चा मिदोरी-२, या घटनांनी प्रश्न उभे केले, आणि उत्तरे त्यानंतर शोधली गेली. दुसरा असा की, प्रतिमान हे एका विशिष्ट काळातील, विशिष्ट उपकरणांच्या निरीक्षणांचे संक्षेपण असते. त्याची जन्मतिथी ठाऊक असल्याशिवाय त्याचा उपयोग करणे धोक्याचे होय. ‘एपी-८’ चे उदाहरण या बाबतीत निर्णायक आहे. तिसरा असा की, साधनाची मालकी व त्याची संहिता वाचण्याचा अधिकार हे प्रश्न शास्त्राच्या बाहेरचे नाहीत. उत्तराची परीक्षा करता येणे हा शास्त्राचाच भाग आहे.

आपल्या विद्यापीठांतून भौतिकी, संगणनशास्त्र व इतिहास हे विषय निरनिराळ्या इमारतींत शिकविले जातात. आज्ञावली चालविणारा विद्यार्थी तिचा इतिहास वाचत नाही, आणि इतिहासाचा विद्यार्थी आज्ञावलीस पुरावा मानीत नाही. खुल्या संहितेची साधने आज उपलब्ध आहेत. कुलाबा व अलिबाग येथील दीर्घ नोंदी आपल्या दारातच आहेत. एखाद्या प्रतिमानातील एकेक आकडा कोठून आला, कोणी मोजला, कोणत्या उपकरणाने मोजला व तो पुढील आवृत्तीत का बदलला याचा माग काढणे, हा पदव्युत्तर प्रबंधास सर्वथा योग्य असा विषय आहे. त्यातून इतिहासास नवी साधनसामग्री मिळेल; आणि पुढचा उपग्रह रचणाऱ्यास, आपण ज्या आकड्यावर विसंबून आहोत तो किती वर्षांचा आहे, हे तरी निश्चित कळेल.